कुंपण घातलं आणि फुलपाखरू गेलं: ब्रिटनच्या लार्ज ब्लूचं पूर्ण प्रकरण

१९७९ साली ब्रिटनमधून लार्ज ब्लू नावाचं फुलपाखरू संपलं. एकही उरलं नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की हे दुर्लक्षामुळे झालेलं नव्हतं. ह्या एका फुलपाखरासाठी माणसांनी वर्षानुवर्षं धडपड केली, जागा राखून ठेवल्या, कुंपणं घातली, पकडणाऱ्यांना लांब ठेवलं, चर्चा केल्या, आणि तरीही ते एकेका उतारावरून गायब होत गेलं, राखलेल्या जागांवरूनसुद्धा. शेवटी कारण सापडलं तेव्हा ते पट्टीने मोजता येईल एवढं निघालं. गवत एक-दोन सेंटीमीटर जास्त वाढलं होतं, बस एवढंच. हे प्रकरण नीट कळायला आधी ह्या फुलपाखराचं आयुष्य समजून घ्यावं लागतं, कारण सगळा घोळ तिथेच दडलेला आहे, म्हणून थोडा धीर धरा, सुरुवातीपासून सांगतो.

दिसायला कसं असतं

ब्रिटनमध्ये छोट्या निळ्या फुलपाखरांच्या ज्या जाती आहेत त्यात हे सगळ्यात मोठं. मोठं म्हणजे तरी किती, पंख पसरले की जेमतेम चार ते पाच सेंटीमीटर. वरून पंख छान निळे, कडेला काळसर पट्टा आणि त्याच्या बाहेर पांढरी झालर, आणि पुढच्या पंखांवर लांबुळके काळे ठिपके, जणू कोणी बोटाने शाई टेकवत गेलंय. मादीचे ठिपके जास्त ठळक आणि तिची काळी कडाही रुंद. पंख मिटले की निळा रंग नाहीसा आणि समोर येते राखाडी-तपकिरी बाजू, त्यावर पांढऱ्या कड्यातले काळे ठिपके आणि अंगाजवळ हिरवट निळी झाक. त्याच कुरणात कॉमन ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू भरपूर असतं आणि नवखा माणूस दोघांमध्ये हमखास गोंधळतो, पण कॉमन ब्लूच्या पंखांच्या खालच्या बाजूला कडेने नारिंगी ठिपके असतात, लार्ज ब्लूला ते नसतात. शिवाय पुढच्या पंखांवर वरून दिसणारे ते काळे ठिपके ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही निळ्या फुलपाखराला नाहीत, त्यामुळे एकदा ओळखता आलं की परत चूक होत नाही.

ते उडतं जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत. एकेका फुलपाखराला मिळतात फक्त थोडेसे दिवस. त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपलं. म्हणजे आपण ज्याला 'फुलपाखरू' म्हणतो, ज्याचे फोटो काढतो, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, तो ह्या जीवाच्या वर्षभराच्या आयुष्याचा अगदी छोटा तुकडा आहे, बाकीचे नऊ-दहा महिने ते कुणाला दिसतच नाही.

जागा म्हणाल तर दक्षिणेकडे तोंड करून असलेले गवताळ उतार, जिथे माती पातळ, खाली बहुतेक ठिकाणी चुनखडी, आणि ऊन दिवसभर. आणि तिथे वाइल्ड थाइम पाहिजे. थाइम म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची, जांभळट गुलाबी फुलांची वनस्पती, पान चुरगळलं तर ओव्याच्या जवळ जाणारा वास येतो, कारण दोन्हीत थायमॉल असतं.

थाइमवरचे तीन आठवडे

मादी थाइमच्या कळ्यांमध्ये अंडी घालते, एकेक करून, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान पांढुरकी अंडी. मोसमाच्या शेवटी थाइमचा बहर ओसरला की मार्जोरमच्या कळ्याही चालतात. पाच ते दहा दिवसांत अळी बाहेर येते आणि फुलात शिरून फूल आणि आतलं कोवळं बी खायला लागते. अळीचा रंगही थाइमच्या फुलासारखा गुलाबीसर, त्यामुळे दिसता दिसत नाही. एकाच फुलोऱ्यावर दोन माद्यांनी अंडी घातली असतील तर जी आधी बाहेर येते ती दुसरीला खाऊन टाकते. कठोर वाटतं, पण एका फुलोऱ्यात अन्नच तेवढं असतं.

दोन-तीन आठवड्यांत तीन वेळा कात टाकून होते आणि इथे गोष्ट वळण घेते. एवढं खाऊनही अळी फक्त चारेक मिलिमीटरची झालेली असते, तांदळाच्या कणीएवढी. तिच्या शेवटच्या वजनाचा ९८ टक्के भाग अजून वाढायचाच असतो. थाइमवर झालेली वाढ म्हणजे दोन टक्के! आणि तरीही ती आता झाड सोडते. संध्याकाळी अळी फुलावरून सुटून खाली जमिनीवर पडते आणि एखाद्या पानाखाली, मातीच्या खाचेत गप्प बसून राहते. ही वेळ उगाच नाही. संध्याकाळी तांबड्या मुंग्यांची, मिरमिका ह्या गटातल्या मुंग्यांची, अन्न शोधायची धावपळ जोरात असते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सापडण्याआधी मिरमिकाला सापडण्याची शक्यता वाढते. अळी स्वतः कुठे जात नाही, ती वाट बघते.

मुंगी येते, अंगाला मिशा लावून बघते. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो. मुंगी तो चाटते, परत थोपटते, परत थेंब. हे अर्धा तास चालतं, कधीकधी तासन्‌तास. मग अचानक अळी अंग ताणते, पुढचा भाग फुगवते, मधे चपटी होते आणि वर उठते, आणि मुंगीच्या स्पर्शाला व वासाला ती आता हुबेहूब मुंगीच्याच पिल्लासारखी लागते. एखादं पिल्लू घरातून बाहेर पडलंय असं समजून मुंगी तिला जबड्यात उचलते आणि वारुळात नेऊन आपल्या पिल्लांमध्ये ठेवते.

तिथून पुढे अळी मांसाहारी. ती त्या मुंग्यांचीच पिल्लं खाते. एरवी ती पिल्लांच्या खोलीपासून जरा बाजूला, स्वतः विणलेल्या रेशमाच्या छोट्याशा गादीवर पडून असते, अधूनमधून येते, पोटभर खाते, परत जाते. आधी मोठी पिल्लं उचलते, म्हणजे लहान पिल्लांना मोठं व्हायला वेळ मिळतो आणि तिचा साठा टिकतो. हिवाळ्यात मुंग्यांबरोबर तीही झोपते, वसंतात परत सुरू. आकार वाढत वाढत दीड सेंटीमीटरच्या आसपास, पांढुरकी, फुगलेली, मुंग्यांपेक्षा कितीतरी मोठी, आणि मुंग्या तिला साफ करतात, सांभाळतात. काही अळ्या तर वारुळात एक नाही, दोन हिवाळे काढतात.

मुंग्या एवढ्या कशा फसतात? मुख्य भाग वासाचा आहे, अळीच्या त्वचेवरची रसायनं मुंग्यांच्या पिल्लांशी जुळतात. पण आवाजही आहे. लार्ज ब्लूच्या एका जवळच्या भाऊबंद जातीवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की तिची अळी आणि कोष राणी मुंगीसारखा आवाज काढतात, आणि कामकरी मुंग्या त्यांना तसा मान देतात. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचेना, जमिनीखालच्या अंधारात कोण कुणाला राणी समजतंय!

मे महिन्याच्या सुमाराला वारुळातच, वरच्या भागात, कोष होतो. साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी फुलपाखरू बाहेर येतं, पंख अजून चुरगळलेले, ते वारुळाच्या वाटांमधून रांगत वर येतं, मुंग्या सोबत असतात, गवताच्या काडीवर चढतं, पंख भरेपर्यंत लटकून राहतं आणि उडतं.

जमिनीखालचा हा भाग माणसाला कळला तो १९१५ च्या सुमारास. त्याआधी अळ्या थाइमवर सापडायच्या, वाढवायचा प्रयत्न केला की एका टप्प्यावर खाणं सोडून मरायच्या, पुढचं सगळं गूढ. चॅपमन ह्या कीटकतज्ज्ञाला मुंग्यांच्या घरात अळी सापडली आणि तिच्या पोटात मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष मिळाले. मग प्युरफॉय आणि फ्रोहॉक ह्यांनी मिळून सगळं चक्र बघितलं. प्युरफॉयने अक्रोडाच्या रिकाम्या कवचात मुंग्या, त्यांची पिल्लं आणि अळी ठेवून अळी वाढवून दाखवली. केवढी चिकाटी लागली असेल त्या कामाला.

पण इथेच एक धागा निसटला. 'मिरमिका मुंग्या लागतात' हे कळलं, पण कुठली मिरमिका हे कुणी विचारलं नाही. अक्रोडाच्या कवचात अन्न आयतं, त्रास देणारं कुणी नाही, तिथे कुठल्याही मिरमिकाबरोबर अळी जगायची. त्यामुळे पुस्तकात 'तांबड्या मुंग्या' एवढंच राहिलं, आणि पुढची साठ वर्षं त्याची किंमत मोजावी लागली.

उतरती कळा

लार्ज ब्लू ब्रिटनमध्ये सापडतं हे १७९५ मध्ये कळलं. ते कधीच सगळीकडे नव्हतं, दक्षिण इंग्लंडमधल्या ठरावीक टेकड्या, कॉट्सवोल्ड्सचे उतार, सॉमरसेटमधल्या पोल्डन टेकड्या, डेव्हन आणि कॉर्नवॉलचे किनारे, डार्टमूरच्या कडेचा भाग. दुर्मिळ आणि देखणं म्हटल्यावर संग्रह करणारे मागे लागलेच. एकोणिसाव्या शतकात फुलपाखरं टाचून ठेवायचा छंद जोरात होता आणि लार्ज ब्लूला मागणी फार. त्यामुळे एखाद्या जागेवरून ते गेलं की लोक म्हणायचे, पकडणाऱ्यांनी संपवलं.

हा समज इतका पक्का होता की उपायही त्यालाच धरून झाले. पकडणाऱ्यांना अडवा. जागा राखा, कुंपण घाला. कुंपणाने जाळीवाले थांबले, पण त्याच कुंपणाने गुरंही थांबली. आत गवत वाढायला लागलं. थाइम होतं, तांबड्या मुंग्या होत्या, ऊन होतं, सगळं वरवर बघता जागच्या जागी, आणि फुलपाखरू काही वर्षांत नाहीसं. अशा राखीव जागांवरसुद्धा ते टिकलं नाही. राखीव जागेतूनच ते जातं म्हटल्यावर तिथल्या माणसांची काय अवस्था झाली असेल ह्याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं, कारण त्यांनी जीव तोडून केलं होतं, फक्त चुकीच्या शत्रूशी लढत होते.

मग १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस आला. हा सशांचा विषाणूजन्य रोग, ब्रिटनमध्ये पोचला आणि थोड्याच वर्षांत तिथल्या ९५ टक्क्यांहून जास्त सशांचा बळी घेतला. फुलपाखराच्या माणसांना ह्यात लगेच धोका दिसला नाही, सशांचा आणि फुलपाखराचा काय संबंध? पण ह्या उतारांवर गवत खुरटं ठेवायचं निम्मं काम ससेच करत होते. उरलेलं काम मेंढ्या आणि गुरांचं, आणि नेमकं तेही कमी होत चाललं होतं, कारण उभ्या, पातळ मातीच्या, कमी उत्पन्नाच्या जमिनीवर जनावरं चारणं शेतकऱ्यांना परवडेनासं झालं होतं. चराई बंद, ससे गेले, गवत वाढलं, झुडपं आली. एकेक कॉलनी विझत गेली आणि १९७० च्या सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या जागा राहिल्या.

सहा उन्हाळे एका उतारावर

१९७२ मध्ये जेरेमी थॉमस नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला ह्या प्रश्नावर लावलं. त्याने जे केलं ते मला ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याने कुणाचाही अंदाज आधी धरला नाही. डार्टमूरच्या कडेला जी शेवटची कॉलनी उरली होती तिथे तो सलग सहा उन्हाळे राहिला आणि मोजत सुटला. किती अंडी घातली, किती फुटली, किती अळ्या थाइमवर मेल्या, किती खाली उतरल्या, किती मुंग्यांनी उचलल्या, कुठल्या मुंग्यांनी, किती बाहेर आली. म्हणजे विमा कंपनी माणसांच्या मृत्यूचा तक्ता करते ना तसा ह्या फुलपाखराचा प्रत्येक टप्प्याचा तक्ता.

तक्त्यातून दिसलं की वरचे टप्पे ठीक आहेत. अंडी पुरेशी, थाइम पुरेसं, मुंग्या अळ्या उचलतातही. मरण जमिनीखाली होतं. आणि सगळ्या वारुळांत सारखं नव्हतं.

त्या उतारांवर मिरमिकाच्या एकाहून जास्त जाती राहतात आणि डोळ्यांना त्या जवळजवळ एकसारख्या, भिंगाखाली मिशीच्या मुळाशी असलेला बाक बघावा तेव्हा फरक कळतो. अळीला कुठलीही मिरमिका उचलते, वास सगळ्यांना 'आपलाच' वाटतो. पण आत गेल्यावर टिकते ती मुख्यतः एकाच जातीच्या घरात, मिरमिका साबुलेटी. तिच्याकडे जगण्याचं प्रमाण दुसऱ्या मिरमिकांच्या घरांपेक्षा पाच पटींहून जास्त निघालं. दुसऱ्या घरात अळीचं सोंग लवकर उघडं पडतं आणि ती मारली जाते.

बरं, साबुलेटीचं घर मिळालं तरी सगळं सुरळीत नाही. एका अळीला पूर्ण वाढायला सुमारे साडेतीनशे कामकरी मुंग्या असलेलं वारूळ लागतं, त्यापेक्षा छोट्या घरात पिल्लं संपतात आणि अळी उपाशी मरते. एकाच वारुळाजवळच्या थाइमवर खूप अंडी पडली तर एकाच घरात चार-पाच अळ्या येतात आणि सगळ्यांनाच कमी पडतं. शिवाय ज्या घरात राणी मुंगी असते तिथे अळीला धोका जास्त, राणी नसलेल्या घरात ती जास्त जगते. म्हणजे सगळीकडे साबुलेटी असली तरीसुद्धा नुकसान ठरलेलंच, त्यात निम्म्याहून जास्त अळ्या चुकीच्या घरात जायला लागल्या तर हिशोब जुळणं शक्यच नाही.

आता मुख्य गोष्ट. साबुलेटीला ऊब लागते. ब्रिटन तिच्यासाठी थंड देश, त्यामुळे तिथे ती राहते ती दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे गवत इतकं आखूड की ऊन थेट मातीवर पडतं. दोन-तीन सेंटीमीटरच्या आतलं गवत. ते थोडं वाढलं की सावली पडते आणि मातीचं टेम्परेचर दोन-तीन अंशांनी उतरतं. आपल्या पायाला ते कळणार नाही. पण साबुलेटी हटते आणि तिची जागा थंडाव्यात रमणारी दुसरी मिरमिका, स्काब्रिनोडिस, घेते. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? गवत हिरवंगार, थाइम फुललेलं, तांबड्या मुंग्या फिरतायत, फुलपाखरं अंडी घालतायत. सगळं छान. आणि जमिनीखाली घरमालक बदललेला. अळ्या त्याच विश्वासाने संध्याकाळी खाली उतरतात, मुंग्या येतात, उचलतात, नेतात, आणि बाहेर कुणीच येत नाही.

त्या उतारांवर मातीचे गोल उंचवटे दिसतात, त्यावर थाइम छान वाढतं, नवख्याला वाटतं हीच ती मुंग्यांची घरं. ती पिवळ्या कुरणमुंगीची. साबुलेटीचं घर असं उठून दिसत नाही, दगडाखाली, गवताच्या मुळांत असतं, म्हणून वर्षानुवर्षं त्या घरांकडे कुणाची नजर गेली नाही ह्यात मी कुणाला दोष देणार नाही.

उत्तर सापडेपर्यंत उशीर झाला होता. कॉलनी फार लहान झालेली, त्यात १९७५ आणि १९७६ चे कोरडे उन्हाळे, १९७६ चा दुष्काळ तर ब्रिटनमध्ये आजही लोकांच्या लक्षात आहे, थाइम सुकलं. थोडीथोडकी फुलपाखरं उरली की नर आणि मादी एकाच दिवसात समोरासमोर येणंसुद्धा नशिबावर जातं. आता काय करायचं हे माहीत होतं, चराई परत सुरू केली होती, साबुलेटी वाढायला लागली होती, आणि फुलपाखरू हातातून गेलं. १९७९. एखाद्या पेशंटचं निदान बरोबर निघावं आणि औषध लागू पडायच्या आत तो जावा, तसं.

परत आणायचं तर कुठून

थॉमसने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं नाही, फुलपाखरू नसतानाही जागा तयार करत राहिले. झुडपं काढली, गुरं आणि तट्टं सोडली, गवत उतरवलं, साबुलेटीची घरं मोजली. हे मला विलक्षण वाटतं, पाहुणा नाही पण घर तयार. पूर्वी फुलपाखराची काळजी घ्यायची म्हणजे फुलपाखरू मोजायचं, आता मुंगीची घरं आणि गवताची उंची मोजायची.

मग प्रश्न बियाण्याचा. युरोपात लार्ज ब्लू होतं, पण कुठलंही आणून चालणार नव्हतं, जे साबुलेटीबरोबरच राहतं आणि ज्याचा उडायचा काळ ब्रिटनच्या थाइमच्या बहराशी जुळतो असंच हवं. शोधता शोधता स्वीडनचं एलांड बेट सापडलं. तिथून १९८३ मध्ये डार्टमूरच्या कडेच्या एका जागी पहिल्यांदा आणलं. ह्या कामात डेव्हिड सिमकॉक्स थॉमसबरोबर सुरुवातीपासून होता आणि पुढची कित्येक वर्षं तो ह्यातच राहिला. पुढे सॉमरसेटमधल्या पोल्डन टेकड्यांवर, ग्रीन डाउन आणि कॉलर्ड हिल ह्या जागांवर वस्ती बसली. कॉलर्ड हिल तर लोकांसाठी खुली ठेवली, ज्या फुलपाखराला एकेकाळी लोकांपासून लपवत होते ते आता कुणीही जून-जुलैत जाऊन बघावं. मला हा निर्णय फार आवडला, कारण आता माहीत होतं की बघायला येणाऱ्यांनी ते जाणार नाही, गवत वाढलं तर जाईल.

आणण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. मोठी फुलपाखरं आणून सोडत नाहीत. थाइमवरचा टप्पा माणसाच्या देखरेखीखाली काढतात, आणि अळ्या झाड सोडायच्या वयाच्या झाल्या की संध्याकाळच्या सुमारास बारीक ब्रशने एकेक अळी उचलून थाइमजवळ, साबुलेटीच्या वाटेवर ठेवतात. पुढचं मुंगीने करायचं.

२००९ साली थॉमस, सिमकॉक्स आणि क्लार्क ह्यांनी सगळ्या वर्षांचा हिशोब 'सायन्स' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडला. त्यात एक गोष्ट ठळक होती, मुंग्यांच्या घरांची आणि गवताची मापं घेऊन आधी केलेलं भाकीत आणि प्रत्यक्षात वाढलेली फुलपाखरं ह्यांचा मेळ बसत होता. म्हणजे निदान नुसतं पटण्यासारखं नव्हतं, ते वापरून नवीन वस्त्या उभ्या राहत होत्या.

२०१९ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या रॉडबरो कॉमनवर ११०० अळ्या ठेवल्या. ही जागा कॉट्सवोल्ड्समधली, तिथे दीडशे वर्षं लार्ज ब्लू दिसलं नव्हतं. आधी पाच वर्षं चराई आणि झुडपांची छाटणी करून उतार तयार केला होता. २०२० च्या उन्हाळ्यात साधारण ७५० फुलपाखरं तिथे उडाली. एवढ्या सगळ्या मरणाच्या टप्प्यांतून जाऊन अकराशेतली साडेसातशे, मी आकडा दोनदा वाचला.

एक गोष्ट मात्र इथे नीट सांगितली पाहिजे, नाहीतर लोक उलटी चूक करतात. 'गवत तीन सेंटीमीटरच्या आत' हा जगभरचा नियम नाही. युरोपात दक्षिणेकडे, जिथे उन्हाळा कडक, तिथे साबुलेटीला ऊब उंच गवतातही मिळते आणि लार्ज ब्लूसुद्धा तिथे उंच गवतात राहतं, मार्जोरमवर जास्त अवलंबून. तिथे कुणी ब्रिटनचं बघून गवत चाटून काढलं तर नुकसान होईल. मुद्दा मातीच्या उबेचा आणि मुंगीचा, सेंटीमीटर त्या त्या ठिकाणचा. ब्रिटनमध्येसुद्धा हवा तापत गेली तर आज जे उतार थंड म्हणून बाद आहेत ते उद्या चालतील, आणि आजच्या कडक उन्हाच्या उतारांवर थाइम आधीच करपेल. त्यामुळे एकाच टेकडीवर वेगवेगळ्या दिशांचे उतार हाताशी ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि चराईचं वेळापत्रक सगळ्यात नाजूक. शरद, हिवाळा आणि वसंतात जनावरं हवीत, म्हणजे माती तापेल आणि मुंग्या वाढतील. पण थाइम फुलायच्या वेळेला ती हटवावी लागतात किंवा कमी करावी लागतात, नाहीतर कळ्याच खाल्ल्या जातात आणि अंडी कशावर घालणार. जास्त चरलं तर फूल नाही, कमी चरलं तर मुंगी नाही. ह्या दोन्हीच्या मधली जी पट्टी आहे ती दर वर्षीच्या पावसाप्रमाणे सरकते, म्हणून तिथल्या माणसाला दर आठवड्याला उतारावर जाऊन बघावंच लागतं, कागदावर ठरवून चालत नाही.

ह्या जागा फक्त लार्ज ब्लूच्या राहिल्या नाहीत हेही सांगायचं आहे. आखूड, उबदार, फुलांच्या गवतात दुर्मिळ भुंगे, पर्ल बॉर्डर्ड फ्रिटिलरीसारखी दुसरी फुलपाखरं, कमी होत चाललेल्या रानफुलांच्या जाती, सगळ्यांना जागा मिळाली.

२०२२ च्या उन्हाळ्यात दक्षिण-पश्चिम इंग्लंडमध्ये मिळून सुमारे वीस हजार लार्ज ब्लू उडाली असा अंदाज आला, दीडशे वर्षांतला सगळ्यात चांगला मोसम. जुलै संपल्यावर उतारावर एकही निळं फुलपाखरू उरत नाही. तेव्हा तिथली माणसं गुडघ्यांवर बसून थाइमच्या फुलोऱ्यांत भिंगाने अंडी शोधतात, मोजतात, वहीत लिहितात, आणि मग गेट उघडून गुरं परत आत सोडतात.